शेवट आधीच ठाऊक असतो तेव्हा : विज्ञानपटांच्या पूर्वकथा आणि त्यांचे लेखक

 

आजचा विषय काहींना किरकोळ वाटेल. मोठा विज्ञानपट येतो, त्याच्या आगेमागे दुकानात त्याच नावाची एक कादंबरी दिसते. मुखपृष्ठावर चित्रपटाचंच बोधचिन्ह, आणि आत चित्रपट सुरू होण्याआधीची गोष्ट. आपण ती उचलतो, चाळतो आणि 'हा सगळा धंदा आहे' म्हणून परत ठेवतो. धंदा आहेच, ते नाकारायचं कारण नाही. पण अशी बरीच पुस्तकं वाचल्यावर आमचं मत असं झालं आहे, की या धंद्यात अडकून लिहिणाऱ्या माणसासमोर एक फार जुना आणि फार अवघड प्रश्न असतो. गोष्टीचा शेवट आपल्या हातात नाही, मग आपल्या हातात काय उरतं?

तासाभरात आपण याच प्रश्नाभोवती फिरणार आहोत.

सुरुवात लॉ कॉलेज रस्त्यावरून

आपल्या पुण्यात लॉ कॉलेज रस्त्यावर राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. स्थापना १९६४ची. तिथून जवळच फिल्म इन्स्टिट्यूट, म्हणजे 'प्रभात'चा जुना स्टुडिओ. १९३३मध्ये प्रभात कोल्हापूरहून पुण्याला आली, हे इथे कुणाला सांगायला नको. संग्रहालयात रिळांबरोबर जुन्या चित्रपटांच्या पातळ पुस्तिकाही जपल्या आहेत. एक-दोन आण्यांना थिएटरबाहेर मिळणाऱ्या. आत गाण्यांचे शब्द, कलाकारांची नावं आणि कथासार.

हे कथासार मोठं गमतीशीर असायचं. गोष्ट ऐन रंगात आणायची आणि मग वाचकाला तिथेच सोडायचं. पुढचं पडद्यावर बघा! पुस्तिकेचं कामच ते होतं : सुरुवात सांगायची आणि शेवट झाकायचा.

पूर्वकथा याच्या बरोबर उलटी चालते. शेवट आपण पडद्यावर पाहिलेला असतो, झाकलेली असते ती सुरुवात. पुस्तिकेला पुढे काय होणार या उत्सुकतेवर जगता येत होतं. पूर्वकथेला ती सोय नाही.

आता शब्द पक्के करू. चित्रपटाच्या परवानगीने, त्याची पात्रं आणि त्याचं जग वापरून लिहिलेल्या पुस्तकाला इंग्रजीत 'टाय-इन' म्हणतात. आपण 'जोडकादंबरी' म्हणू. तिचे ढोबळ तीन प्रकार. चित्रपटाचीच गोष्ट गद्यात सांगणारी, चित्रपटानंतरचं सांगणारी आणि चित्रपटाआधीचं सांगणारी. ही तिसरी म्हणजे प्रीक्वेल, आपली पूर्वकथा.

निमो कोण होता?

हे सगळं हॉलिवूडने शोधलं असं नाही. ज्यूल व्हर्न आपल्याकडे अनेकांनी वाचला तो भा. रा. भागवतांच्या मराठी रूपांतरांमुळे. व्हर्नचा कॅप्टन निमो आठवा. १८६९-७०च्या कादंबरीत तो पाणबुडी घेऊन समुद्राखाली राहतो आणि माणसांच्या जगावर सूड उगवतो. पण तो कुठला, त्याचं काय बिघडलं, हे कळतच नाही.

व्हर्नच्या मनात उत्तर होतं. निमो पोलिश असावा, रशियाने त्याचं घरदार संपवलेलं असावं. प्रकाशक हेत्झेल यांनी नको म्हटलं. रशियात पुस्तकं खपत होती, तिथल्या सरकारला दुखवायचं नव्हतं. म्हणून निमो बिनदेशाचा राहिला. पुढे १८७४-७५च्या 'मिस्टीरियस आयलंड'मध्ये मरता मरता निमो आपली पूर्वकथा सांगतो. तो निघतो बुंदेलखंडचा राजपुत्र डक्कर, टिपू सुलतानाच्या नात्यातला, १८५७च्या उठावात लढलेला, आणि त्यात घरदार गमावलेला.

म्हणजे विज्ञानकथेतल्या एका सर्वांत गाजलेल्या पात्राची पूर्वकथा भारतीय आहे. पण ती भारतीय झाली, याचं एक कारण असं, की आधीची पूर्वकथा प्रकाशकाला परवडणारी नव्हती.

आणखी एक गंमत. दोन्ही पुस्तकांतल्या तारखा जुळत नाहीत. पहिल्यातला प्रवास १८६७-६८चा. दुसऱ्यात निमो १८६८मध्येच म्हातारा होऊन मरतो आणि तोच प्रवास कितीतरी वर्षांपूर्वी झाला असं सांगितलं जातं. म्हणजे पूर्वकथेचे दोन्ही जुने आजार व्हर्नपाशीच सापडतात : जुळवाजुळव फसणं, आणि मालकाची मर्जी सांभाळणं. आधी पहिल्या आजाराचं बघू, दुसऱ्याकडे शेवटी येऊ.

शेवट माहीत असून आपण का वाचतो?

मराठी वाचकाला खरं तर हा प्रश्न पडायला नको. रणजित देसाईंची 'स्वामी' १९६२मध्ये आली. ती हातात घेताना वाचकाला काय माहीत नव्हतं? १८ नोव्हेंबर १७७२ला माधवराव थेऊरला जाणार, क्षयाने जाणार, रमाबाई सती जाणार. पुढच्याच वर्षी शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून होणार, हेही माहीत. तरी पिढ्यान्‌पिढ्या लोक वाचतात. 'मृत्युंजय'चंही तेच. कर्णाच्या रथाचं चाक रुतणार हे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं.

'स्वामी' काही कुठल्या चित्रपटाची जोडकादंबरी नव्हे, तेव्हा गल्लत करू नका. आमचा मुद्दा वाचण्याच्या सवयीचा आहे. शेवट माहीत असला की वाचकाचं लक्ष 'काय होणार' वरून उठतं आणि दोन ठिकाणी जाऊन बसतं. एक, हे असं का झालं. आणि दोन, त्या माणसाला माहीत नाही ते मला माहीत आहे. माधवराव पुढच्या वर्षाचे बेत करतात तेव्हा आपल्या पोटात जे कालवतं, ते दुसऱ्या जागेचं काम.

चांगली पूर्वकथा या दोन जागांवरच उभी असते. तीन उदाहरणं घेऊ.

पहिलं, 'एलियन : कव्हनंट – ऑरिजिन्स', २०१७, लेखक ॲलन डीन फॉस्टर. कव्हनंट हे अंतराळयान दोन हजार वसाहतवासी घेऊन निघतं आणि पुढे त्यांचं काय होतं, ते रिडली स्कॉटच्या त्याच वर्षीच्या चित्रपटात आहे. शहाण्या माणसाने रात्री एकट्याने पाहू नये. पुस्तक घडतं यान निघायच्या आधी, पृथ्वीवर. काही लोक ते निघू नये म्हणून जिवाचं रान करतात. त्यांचं म्हणणं, बाहेर काहीतरी भयंकर आहे, तिथे जाऊ नका. हिंसेलाही ते मागेपुढे पाहत नाहीत, म्हणून नेहमीच्या हिशेबाने ते खलनायक. यान वाचवणारे रक्षक म्हणजे आपले नायक.

आता बघा काय होतं. चित्रपट पाहिलेल्या वाचकाला माहीत आहे, की ते माथेफिरू खरं बोलत होते! नायक जिंकला की दोन हजार माणसं मरणाकडे रवाना होणार. पुस्तकातल्या कुणालाच हे माहीत नाही. चित्रपट न पाहता हेच पुस्तक वाचलं, तर ती एक साधी पाठलागाची गोष्ट आहे. पाहून वाचलं तर प्रत्येक विजय घशात अडकतो.

दुसरं, जेम्स लुसेनो यांचं 'कॅटलिस्ट'. 'रोग वन' हा स्टार वॉर्स चित्रपट डिसेंबर २०१६चा, पुस्तक त्याच्या महिनाभर आधी आलं. गेलन अर्सो हा स्फटिकांवर काम करणारा शास्त्रज्ञ. त्याचा जुना मित्र क्रेनिक त्याला प्रयोगशाळा देतो, पैसा देतो आणि सांगतो, तुझ्या संशोधनातून गरीब ग्रहांना ऊर्जा मिळेल. प्रत्यक्षात त्यातून ग्रह फोडणारं अस्त्र तयार होत असतं. आपल्याला १९७७पासून माहीत आहे, डेथ स्टार बांधला जाणार. प्रश्न उरतो तो एवढाच : भला माणूस त्यात हात कसा घालतो? पुस्तकाचं उत्तर असं, की एका झटक्यात नाही. थोडं थोडं करून. आधी कुतूहल, मग घरची सोय, मग मित्राचा शब्द, मग 'वर काय चाललंय ते माझं काम नाही'. ज्या शहरात एवढ्या प्रयोगशाळा आहेत, तिथे हे वेगळं समजावून सांगावं लागू नये.

तिसरं, ग्रेग कीज यांचं 'फायरस्टॉर्म', २०१४. 'प्लॅनेट ऑफ द एप्स' मालिकेतला २०११चा चित्रपट संपतो तेव्हा एक विषाणू विमानांबरोबर जगभर निघालेला असतो. २०१४चा चित्रपट सुरू होतो तेव्हा बहुतेक माणसं मेलेली असतात. मधली साथ चित्रपट काही मिनिटांत, बातम्यांच्या तुकड्यांतून उरकतो. कादंबरी मात्र तिथेच थांबते, सॅन फ्रान्सिस्कोत, साथीच्या पहिल्या दिवसांत.

आम्ही हे पुस्तक पहिल्यांदा वाचलं तेव्हा ते बरं वाटलं होतं, एवढंच. २०२० नंतर पुन्हा वाचलं आणि काही पानांवर पुढे जाववेना. राज्यातले कोरोनाचे पहिले रुग्ण मार्च २०२०मध्ये पुण्यातच सापडले. त्याआधी २००९मध्ये स्वाइन फ्लूच्या वेळी रुमाल बांधून फिरणारं पुणं आपण पाहिलं होतं. पुस्तकातली माणसं म्हणतात, दोन-चार दिवसांत आटोक्यात येईल. आपणही म्हणालो होतो. पुढची आकडेवारी वाचकाला ठाऊक आहे, बोलणाऱ्याला नाही. पूर्वकथेचं सगळं बळ या एका फटीत आहे.

वाईट पूर्वकथा कशी ओळखायची?

सोपी खूण सांगतो. वाईट पूर्वकथा अशा प्रश्नाचं उत्तर देते, जो कुणी विचारलेलाच नसतो. २०१८च्या 'सोलो' चित्रपटात हान सोलोला 'सोलो' हे आडनाव कसं पडलं ते दाखवलं आहे. एक अधिकारी विचारतो, तुझे लोक कोण? तो म्हणतो, कुणी नाही, एकटाच आहे. मग अधिकारी सोलो असं नोंदवतो. झालं! चाळीस वर्षं एका नावात जो रुबाब होता, तो एका सरकारी फॉर्ममध्ये संपला.

आपल्याकडे कीर्तनात पूर्वरंग असतो आणि उत्तररंग असतो. पूर्वरंगात निरूपण, उत्तररंगात आख्यान. चांगला बुवा पूर्वरंगात आख्यानातली माणसं फोडून सांगत बसत नाही. तो श्रोत्याचं मन असं तयार करतो, की माहीत असलेलं आख्यान नव्याने लागावं. पूर्वकथेकडूनही एवढीच अपेक्षा आहे. ती वाचून मूळ चित्रपट पुन्हा पाहावासा वाटला आणि तो थोडा वेगळा दिसला, तर ती जमली.

आपल्याकडे काय आहे?

भारतात हा प्रकार अलीकडे नीट सुरू झाला. 'बाहुबली'च्या जगाची आधीची गोष्ट आनंद नीलकंठन यांनी 'द राइज ऑफ शिवगामी' या इंग्रजी कादंबरीत लिहिली, २०१७मध्ये. ती कल्पनारम्य राजेरजवाड्यांची, विज्ञानकथा नव्हे. विज्ञानपटाच्या बाजूने पाहिलं तर 'कल्की २८९८ एडी'च्या आधी, मे २०२४च्या शेवटी, 'बुज्जी अँड भैरवा' ही दोन भागांची ॲनिमेटेड पूर्वकथा आली. पुस्तक नाही, पण काम तेच.

मराठीत? मराठी विज्ञानकथा वाढली ती लघुकथेच्या रूपात, मासिकांत आणि दिवाळी अंकांत. जयंत नारळीकरांनी मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४च्या स्पर्धेला 'कृष्णविवर' पाठवली, ती नारायण विनायक जगताप या नावाने. आद्याक्षरं उलटी करून! तिथून एक मोठी परंपरा उभी राहिली. पण त्या कथा सुट्या, एकेकट्या. त्यांच्यावर चार-पाच चित्रपटांची मालिका उभी राहिली नाही, मग जोडकादंबरी कुठून येणार?

एक जवळची गोष्ट मात्र पुण्याचीच आहे. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे. फुरसुंगीचा बन्या, पुण्यात विद्याभवनात शिकणारा, 'ट्टॉक्' करणारा. २०१७मध्ये आदित्य सरपोतदार यांचा चित्रपट आला. त्यात फेणे मोठा झालेला आहे, अमेय वाघच्या रूपात, आणि खुद्द भागवत हे एक पात्र आहे, दिलीप प्रभावळकरांनी साकारलेलं. आता ज्या मुलाने आधी चित्रपट पाहिला आणि मग पुस्तकं उघडली, त्याच्यासाठी ती जुनी पुस्तकं काय झाली? पूर्वकथा! भागवतांनी ती तशी लिहिलीच नव्हती. पण त्यांच्या बाबतीत एक गोष्ट पक्की होती. फेणे आधी त्यांचा होता, मग चित्रपटाचा.

जोडकादंबरीच्या लेखकाचं तसं नसतं. आणि आता आपण त्या दुसऱ्या आजाराकडे आलो.

शेवट कुणाच्या हातात?

फॉस्टर यांचंच उदाहरण पुढे नेऊ. पहिल्या 'स्टार वॉर्स'चं पुस्तकरूप १९७६मध्ये, चित्रपटाच्या आधी आलं. मुखपृष्ठावर नाव जॉर्ज लुकास यांचं, लिहिलं फॉस्टर यांनी. १९७८मध्ये त्यांनी पुढची गोष्ट लिहिली. तिच्यात ल्यूक आणि लेया यांच्यात जरा ओढ आहे. १९८३च्या चित्रपटात कळलं, की ते बहीण-भाऊ! लेखकाची चूक काय? त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

एप्रिल २०१४मध्ये तर त्या मालिकेच्या मालकांनी तोवरच्या सगळ्या कादंबऱ्या 'लेजंड्स' म्हणून बाजूला काढल्या. म्हणजे यातलं काहीही अधिकृतपणे घडलेलं नाही. टिमथी झान यांनी १९९१मध्ये उभा केलेला थ्रॉन हा सेनानीही त्यात गेला. पुढे मालकांनाच तो हवासा वाटला, परत आणला, आणि झान यांनी त्याच्यावर नव्याने पूर्वकथा लिहिल्या. पात्र लेखकाने घडवलं, पण ते जिवंत आहे की नाही हे दुसऱ्याने ठरवलं.

नोव्हेंबर २०२०मध्ये फॉस्टर आणि अमेरिकेतल्या विज्ञानकथा-लेखकांच्या संघटनेने जाहीर तक्रार केली. डिस्नेने आधी लुकासफिल्म आणि मग फॉक्स विकत घेतली, तेव्हापासून आपल्या 'स्टार वॉर्स' आणि 'एलियन'च्या पुस्तकांचं मानधन येत नाही, असं फॉस्टर यांचं म्हणणं होतं. कंपनी हक्क विकत घेते, पण हक्कांबरोबरची देणी आपली नाहीत म्हणते, हा संघटनेचा आक्षेप होता. पुढच्या वर्षी फॉस्टर यांचा प्रश्न मिटला. पण ज्याची पुस्तकं लाखोंनी वाचली, त्याच्यावर सत्तरी उलटल्यावर, आजारपणात, असं उघड पत्र लिहायची वेळ आली.

हे आम्ही पुण्यात का सांगतोय? कारण ऑडिओ मालिका, वेब मालिका, गेम यांच्यासाठी लिहिणारी मराठी मुलं आता आपल्या आसपास आहेत. मध्यंतरी आमची एक जुनी विद्यार्थिनी करारपत्र घेऊन आली. तिला एका मालिकेची पूर्वकथा लिहायची होती. पानं बारा आणि सही उद्या सकाळी. त्यात एक वाक्य होतं : सर्व हक्क, सर्व माध्यमांत, जगभर, कायमचे. मानधन एकरकमी. ती म्हणाली, "सर, पात्रं त्यांचीच आहेत, मग माझं काय आहे यात?"

तिला जे सांगितलं तेच इथे सांगतो. हा वकिली सल्ला नव्हे, पण निदान विचारायचं काय ते कळावं. पात्रं त्यांची, हे खरं. परवानगीशिवाय ती छापता येणार नाहीत. पण वाक्यं तुझी आहेत. भारतीय कॉपीराइट कायदा १९५७चा. तुम्ही पगारी नोकर म्हणून लिहिलंत, तर वेगळा करार नसल्यास मालकी मालकाची. बाहेरून लिहिलंत, तर हक्क लेखी करारानेच जातात, आणि कलम १९प्रमाणे करारात कोणते हक्क, किती काळ, कुठल्या प्रदेशात आणि मोबदला किती हे यावं लागतं. काळ लिहिला नसेल तर पाच वर्षं धरतात. प्रदेश लिहिला नसेल तर भारत. म्हणून तर 'जगभर, कायमचे' हे दोन शब्द मुद्दाम घातलेले असतात! शिवाय कलम ५७ आहे. हक्क विकल्यावरही आपण लेखक आहोत हे सांगण्याचा आणि आपली बदनामी होईल अशी मोडतोड झाली तर हरकत घेण्याचा अधिकार लेखकाकडे राहतो.

तिने सही एक दिवस पुढे ढकलली आणि दोन गोष्टी मागितल्या : मुखपृष्ठावर नाव आणि प्रतींमागे टक्केवारी. नाव मिळालं, टक्केवारी मिळाली नाही. तिने पुस्तक लिहिलं. चांगलं लिहिलं.

प्रश्नोत्तरांतून

एका श्रोत्याने विचारलं, आधी चित्रपट पाहावा की पूर्वकथा वाचावी? आमचं उत्तर : ज्या क्रमाने त्या निर्माण झाल्या त्या क्रमाने. पूर्वकथा काळाने आधीची असली तरी ती चित्रपट पाहिलेल्या माणसासाठी लिहिलेली असते. 'कॅटलिस्ट'सारखी थोडी आधी आलेली पुस्तकंसुद्धा १९७७चा चित्रपट पाहिलेल्यांसाठीच आहेत.

दुसरा प्रश्न मागच्या रांगेतल्या आजींचा होता. त्यांनी यातला एकही चित्रपट पाहिलेला नव्हता. त्यांनी विचारलं, "शेवट दुसऱ्याचा, पात्रं दुसऱ्याची, पैसे दुसऱ्याचे. मग लिहिणारा लिहितो कशाला?"

आम्ही त्यांना थेऊरची आठवण करून दिली. देसाईंना माधवरावांचं आयुष्य एका दिवसानेही वाढवता येणार नव्हतं. जे होतं ते त्या आधीच्या दिवसांत होतं, आणि तेवढ्यात त्यांनी केलं. जोडकादंबरीचा लेखकही आधीचे दिवसच लिहितो. फरक इतकाच, की इतिहास रॉयल्टीचं विवरण पाठवायचं विसरत नाही, कारण तो करारच करत नाही. आजी हसल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे सही करताना चष्मा लावायचा."

एवढं लक्षात राहिलं तरी पुरे.